गॅसचे ओंडके : ज्वाळा हवी की ऊब?

निळी_ज्योत

फायरप्लेसमध्ये बसवायच्या गॅस लॉगबद्दलचे प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेत. सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'कृत्रिम लॉग' म्हणून दोन वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे मेण आणि लाकडाचा भुसा दाबून केलेला, कागदात गुंडाळलेला ठोकळा. तो काडी लावली की दोन-चार तासांत जळून संपतो. दुसरी वस्तू म्हणजे सिमेंटचा किंवा सिरॅमिकचा, कधीच न जळणारा ओंडका. जळतो तो त्याच्याखालचा गॅस. हा धागा दुसऱ्या वस्तूचा. पहिला ठोकळा गॅसच्या बर्नरवर कधीही ठेवू नये, मेण वितळून थेट बर्नरच्या छिद्रांत उतरतं.

लोक हे का घेतात ते उघड आहे. सरपण आणणं, रचणं, सुकवणं नाही. राख उपसणं नाही. लाकडाबरोबर घरात येणारे किडे नाहीत. चिमणीत डांबरासारखा थर साचत नाही. बटण दाबलं की पेटतं, दाबलं की विझतं. झोपायला जाताना निखारे विझले की नाहीत ही धास्ती नाही. आणि साध्या मिलिव्होल्ट व्हॉल्व्हचा (पेटवणीच्या छोट्या ज्योतीच्या, म्हणजे पायलटच्या, उष्णतेतून होणाऱ्या किंचित विजेवर चालणारा) संच असेल तर वीज गेली तरी चालतो.

घोळ होतो तो पुढे. दुकानातल्या मांडणीत जी मोठी, पिवळी, डुलणारी ज्वाळा बघून माणूस भाळतो, ती ज्वाळा आणि खोली गरम होणं या दोन गोष्टी एका संचात सहसा मिळत नाहीत. प्रकार तीन आहेत:

व्हेंटेड: जुन्या लाकडाच्या फायरप्लेसमध्ये, चिमणीचा डँपर (धुराच्या वाटेवरची झडप) उघडा ठेवून. ज्वाळा सर्वांत देखणी, ऊब सर्वांत कमी. ताशी ४५,००० ते ९०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) खातो.

व्हेंट-फ्री: धूर बाहेर न्यायची सोय नाही, सगळी उष्णता खोलीत. कमाल ताशी ४०,००० बीटीयू. ज्वाळा लहान आणि शिस्तीतली.

डायरेक्ट व्हेंट: काचबंद पेटी, हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेर सोडते. हा नुसता लॉगचा संच नव्हे, पूर्ण उपकरणच आहे. ज्वाळा काचेआड असते, पण ऊब आणि सुरक्षितता यांचा मेळ इथेच सगळ्यात चांगला बसतो.

यातलं काय हवं ते आधी ठरवा, ओंडक्याचा रंग आणि साल मग बघा.

साशंक

ज्वाळा एवढी देखणी करता येते तर तीच खोलीत उष्णता देणारी का करता येत नाही? विक्रेते सांगतात तेवढं हे सरळ दिसत नाही.

निळी_ज्योत

कारण पिवळा रंग म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन. गॅसमध्ये आधीच पुरेशी हवा मिसळली तर ज्योत निळी, आखूड आणि स्वच्छ होते, शेगडीवर असते तशी. हवा कमी मिसळली तर ज्वाळेत कार्बनचे बारीक कण तयार होतात. ते तापून पिवळे झळाळतात आणि ज्वाळेच्या टोकाला जाऊन जळून जातात. लाकडाची ज्वाळा पिवळी दिसते ती याच कारणाने. म्हणजे लाकडाचं सोंग हुबेहूब वठवायचं तर ज्वलन थोडं 'वाईट' ठेवावं लागतं.

त्यात अशी ज्वाळा ओंडक्याला टेकली की तेवढी जागा ज्वाळेला थंड करते, कण जळायच्या आत विझतात, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. व्हेंटेड संचात हे सगळं चिमणीतून जातं म्हणून चालतं. व्हेंट-फ्रीमध्ये ते खोलीत येईल, म्हणून तिथे हवा जास्त मिसळतात, ज्वाळा ओंडक्यांना न टेकता मधल्या फटींतून वर जाईल अशी जागा सोडतात, आणि ओंडके खिळ्यांवर ठरलेल्या जागीच बसवायला लावतात.

म्हणूनच अमेरिकेत या दोघांची मानकंही वेगळी आहेत. व्हेंटेड सजावटी संच एएनएसआय (अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था) झेड २१.६० खाली येतो, व्हेंट-फ्री झेड २१.११.२ खाली, म्हणजे चक्क 'खोली तापवणारा हीटर' म्हणून. खोक्यावर यातला कोणता आकडा आहे ते पाहिलं की विक्रेत्याचं अर्धं भाषण ऐकावं लागत नाही.

काटकसरे

आकडे मांडतो. ६०,००० बीटीयूचा व्हेंटेड संच म्हणजे सुमारे १७.६ किलोवॅट. नैसर्गिक गॅसवर ताशी साधारण १.७ घनमीटर, प्रोपेनवर ताशी सव्वा किलोच्या जरा वर. संध्याकाळी तीन तास लावला तर पाच घनमीटर गॅस किंवा जवळजवळ चार किलो प्रोपेन. यातली बहुतेक उष्णता चिमणीतून वर जाते, आणि जाताना खोलीतली आधीच तापलेली हवाही ओढून नेते. बाकीचं घर वेगळ्या हीटिंगवर चालत असेल तर लांबच्या खोल्या चक्क थंड पडतात.

दुसरा छुपा खर्च कायम तेवत राहणाऱ्या पायलटचा. तो ताशी ६०० ते १,००० बीटीयू खातो. महिनाभर चालू राहिला तर सव्वाशे ते दोनशे किलोवॅट-तासांएवढा गॅस जातो. हंगाम संपला की पायलट बंद करा. किंवा घेतानाच ठिणगीवर पेटणारा, मागणीपुरता पायलट असलेला संच घ्या. त्याला बॅटरी किंवा वीज लागते एवढंच.

धुराडं

वरच्याला जोड. व्हेंटेड संच बसवला की डँपरला एक लोखंडी क्लँप लावतात, तो पूर्ण मिटूच नये म्हणून. लोक 'थंडी येते' म्हणून हा क्लँप काढतात. काढू नका. पायलट चालू असताना, किंवा रिमोट चुकून दाबला गेला तर, बंद डँपरखाली जळलेल्या गॅसचा धूर थेट खोलीत उतरतो. थंडी येत असेल तर फायरप्लेसच्या तोंडाला काचेचे दरवाजे बसवा. संच बंद असताना ते मिटलेले, चालू असताना पूर्ण उघडे. (फायरप्लेस आणि दरवाजे दोन्हींच्या पुस्तिकेत वेगळी परवानगी असेल तर गोष्ट निराळी.)

बसवण्याआधीची कामं, याच क्रमाने:

चिमणी झाडून घ्या. लाकूड बंद करणार म्हणून झाडायची गरज नाही हा गैरसमज आहे. जुना थर तसाच राहिला तर गॅसच्या धुरातली वाफ त्यात मुरते, वास येतो, आणि थर सुटून डँपरवर पडतो. पक्ष्यांची घरटीही याच वेळी सापडतात.

राख पूर्ण काढा, राखेच्या खड्ड्याचं झाकण बंद करा.

डँपरची मोकळी जागा मोजा. किती बीटीयूला किती चौरस इंच लागतात ते चिमणीच्या उंचीवर अवलंबून असतं, तक्ता पुस्तिकेत असतो. चिमणी जितकी बुटकी तितकं तोंड मोठं लागतं.

मग ओढ तपासा. संच पेटवून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. धूर सोडणारी काडी फायरप्लेसच्या तोंडाच्या वरच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. धूर आत ओढला गेला पाहिजे. आता स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू करून तीच चाचणी पुन्हा करा. बंदिस्त घरात जोरदार पंखा चिमणीची ओढ उलटी फिरवू शकतो, आणि हे पहिल्या चाचणीत कळत नाही. बसवणारे ही दुसरी चाचणी टाळतात, त्यांच्यासमोर उभं राहून करून घ्या.

वाचनमात्र

आजवर फक्त वाचत होतो, आता विचारतो. फायरबॉक्स (फायरप्लेसचा आतला, ज्वाळेचा कप्पा) पुढून ३६ इंच, मागून २४ इंच, आतवर खोली १८ इंच. ३० इंची संच बसेल ना? मोठा जास्त भरगच्च दिसतो.

सालपापुद्रा

मोजताय बरोबर. पण पुढची रुंदी एकटी बघून ठरवू नका. '२४ इंची' हा आकडा साधारणपणे पुढच्या मोठ्या ओंडक्याच्या लांबीचा असतो. फायरबॉक्स मागे निमुळता होतो, आणि बर्नरसकट संच मागे सरकवून बसवावा लागतो. चार मापं घ्या: पुढची रुंदी, मागची रुंदी, खोली, उंची. मागची रुंदी मागच्या भिंतीशी न घेता बर्नर जिथे येणार त्या रेषेवर घ्या. दोन्ही बाजूंना काही इंच मोकळे राहायला हवेत, एक तर व्हॉल्व्हच्या खोक्यासाठी आणि दुसरं म्हणजे ज्वाळा बाजूच्या विटांना चाटू नये म्हणून. तुमच्या मापाला २४ इंची संच शोभेल. ३० इंची कोंबला तर टोकाचे ओंडके भिंतीला टेकतील आणि व्हॉल्व्हपर्यंत हात जाणार नाही.

भरगच्चपणा लांबीने येत नाही, थरांनी येतो. पुढे एक जाड, किंचित जळका ओंडका, मागे त्याहून उंच, आणि वर तिरके टाकलेले दोन-तीन फाटे. पुढच्या ओंडक्याच्या खालून निखारे दिसले पाहिजेत. डोळा फसतो तो तिथेच.

आता साहित्य. दोन जाती:

रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणारं) सिमेंट: खऱ्या ओंडक्यावरून साचा काढून ओततात, आत लोखंडी सळी घालतात, वरून हाताने रंगवतात. जड. सालीच्या भेगा, गाठी, कुऱ्हाडीने फोडलेली बाजू, सगळं उठून येतं. तापायला वेळ घेतो, पण विझवल्यावरही बराच वेळ ऊब देतो. टिकाऊ.

सिरॅमिक फायबर: हलका, लवकर तापतो आणि लालसर उजळतो. बारकावे थोडे बोथट. व्हेंट-फ्री आणि काचबंद संचांत बऱ्याचदा हाच असतो. हाताळताना कोपरे तुटतात.

रंग विकत घेताना बघायची जागा म्हणजे ओंडक्याची मागची बाजू आणि तळ. स्वस्त संचात तिथे नुसता राखाडी गोळा असतो, आणि बसून बघणाऱ्याला तो मागच्या भिंतीच्या उजेडात दिसतो. दुसरी खूण: एकाच साच्यातले दोन ओंडके एका संचात आहेत का ते बघा. तीच गाठ दोनदा दिसली की सोंग उघडं पडलं.

ज्वाळा जिथे लागते तिथला रंग कालांतराने फिका पडणारच, तो दोष नव्हे. केसासारख्या भेगाही चालतात. आरपार तडा गेला किंवा तुकडा पडला तर त्याच क्रमांकाचा ओंडका मागवा. दुसऱ्या संचातला 'जवळपास तसाच' घालू नका.

साशंक

व्हेंट-फ्रीवाले '९९ टक्के कार्यक्षम' म्हणतात. गॅस जाळून काहीच बाहेर जात नाही, तर ते जातं कुठे?

निळी_ज्योत

जातं कुठेच नाही, खोलीत राहतं. आकडा खरा आहे आणि अडचणही तीच आहे.

मिथेन जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. ३०,००० बीटीयूचा संच तासभर चालला तर सुमारे सव्वा लिटर पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. चार तासांत पाच लिटर. खिडक्यांच्या काचा घामेजणं, कोपऱ्यात बुरशी, भिंतीच्या रंगाला फुगे, हे त्यातून येतं. शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड थोडा तयार होतोच. दम्याच्या रुग्णाच्या घरात हा प्रकार मी सुचवणार नाही.

सुरक्षेसाठी त्यात ओडीएस पायलट असतो, म्हणजे ऑक्सिजन कमी झाला की स्वतःच विझणारा. खोलीतला ऑक्सिजन नेहमीच्या जवळजवळ २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास उतरला की त्याची ज्योत थर्मोकपलपासून (तापला की किंचित वीज देऊन व्हॉल्व्ह उघडा धरणारा धातूचा दांडा) उचलली जाते, थर्मोकपल थंड होतो, व्हॉल्व्ह बंद होतो. युक्ती साधी आणि भरवशाची आहे. पण हा पायलट ऑक्सिजन ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. ओंडके चुकीचे रचले तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही मोनॉक्साइड होऊ शकतो. म्हणून वेगळा अलार्म हवाच.

खोलीचा हिशेब: दर १,००० बीटीयूला ५० घनफूट. ३०,००० ला १,५०० घनफूट, म्हणजे ८ फूट उंच छत असेल तर सुमारे १८८ चौरस फूट. त्याच मोकळ्या जागेत गॅसवर चालणारं आणि तिथलीच हवा वापरणारं दुसरं उपकरण असेल तर त्याचेही बीटीयू यात मिळवायचे. अमेरिकी नियमांत बेडरूमला १०,००० आणि बाथरूमला ६,००० ची मर्यादा आहे, आणि कॅलिफोर्नियात घरात व्हेंट-फ्री बसवायला मुळात परवानगीच नाही. तुमच्याकडचा नियम खरेदीआधी बघा, दुकान परत घेईलच असं नाही.

अधूनमधून तास-दोन तास, एक खिडकी किंचित उघडी ठेवून, पूरक ऊब म्हणून ठीक. घराचा मुख्य हीटर म्हणून नाही.

काटकसरे

+१. अवांतर: व्हेंट-फ्रीच्या वरच्या मँटलवर (फायरप्लेसच्या तोंडावरची फळी) टीव्ही टांगणारे लोक बघितले की वाईट वाटतं. व्हेंटेडमध्ये उष्णता वर चिमणीत जाते, व्हेंट-फ्रीमध्ये ती फायरप्लेसच्या तोंडातून बाहेर येऊन थेट मँटलच्या खालच्या बाजूला चढते. पुस्तिकेतलं अंतर पाळा, तोंडाला पत्र्याचं हूड लावा.

अर्धा_इंच

पाइपबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'ज्वाळा दुकानात होती तशी येत नाही' या तक्रारीत दोष ओंडक्यांचा क्वचितच असतो. गॅसचा दाब तपासा.

नैसर्गिक गॅसला व्हॉल्व्हच्या आधी ५ ते ७ इंच वॉटर कॉलम (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब) आणि बर्नरकडे साधारण ३.५ इंच. प्रोपेनला आधी ११ ते १३ आणि बर्नरकडे १०. दाब मोजताना संच पूर्ण पेटलेला आणि घरातली बाकीची गॅस उपकरणंही चालू असली पाहिजेत. बंद नळीवर मोजलेला आकडा शोभेचा.

अर्धा इंची लोखंडी पाइप कमी दाबाच्या घरगुती लाइनवर, अर्धा इंच दाब-घट धरून, २० फुटांना सुमारे १,१८,००० बीटीयू नेतो, ४० फुटांना ८१,०००, ६० फुटांना ६५,०००. म्हणजे मीटरपासून ६० फुटांवर ७५,००० बीटीयूचा संच या पाइपवर उपाशीच राहणार. प्रत्येक कोपर लांबीत भर घालतं. त्याच फांदीवर दुसरं उपकरण असेल तर त्याचा वाटा वेगळा.

जोडणी: गॅससाठी मान्य असलेला सांधा-लेप किंवा गॅसची पिवळी टेप. नळाची पातळ पांढरी नको. फ्लेअर सांध्यांना (नळीचं तोंड फाकवून बसवलेले) लेप लावायचा नाही, तिथे धातू धातूला बसतो. गळती साबणाच्या पाण्याने बघा, बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून बघणाऱ्याला कामावरून घरी पाठवा. लवचीक नळी भिंतीतून किंवा विटांतून ओढायची नाही. तिथे पक्का पाइप, आणि तोही बाही घालून, फट भरून.

प्रोपेन असेल तर दोन गोष्टी जास्त. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून काडीने पेटवायचा साधा संच त्याला चालत नाही, सेफ्टी पायलट (ज्योत विझली की गॅस बंद करणारा) हवाच. आणि नैसर्गिक गॅसच्या ऑरिफिसवर (गॅस सोडणारं मोजकं छिद्र) प्रोपेन सोडला तर उष्णता दुपटीहून जास्त होते. फायरबॉक्सच्या बाहेर येणारी, काजळी ओकणारी ज्वाळा हवी असेल तर हा सोपा मार्ग आहे. खोक्यावर कोणता गॅस लिहिलाय ते वाचा. व्हेंट-फ्री संच बहुतेक वेळा घरी बदलून घेता येतच नाही.

वाचनमात्र

माझ्या प्रकरणात व्हेंटेड २४ इंची, नैसर्गिक गॅस असं ठरतंय. वाळू आणि निखारे कसे घालायचे? पुस्तिकेत दोन ओळी आहेत.

सालपापुद्रा

त्या दोन ओळींवरच अख्खा देखावा उभा असतो.

पॅन बर्नर (छिद्रांची नळी असलेलं पसरट तबक) असेल तर नैसर्गिक गॅसला वाळू, प्रोपेनला व्हर्मिक्युलाईट (फुगवलेलं हलकं खनिज). संचाबरोबर आलेलीच वापरा. बांधकामाची वाळू नको, तिच्यात ओल आणि क्षार असतात, तापली की तडतडून उडते. पॅनमधली छिद्रांची नळी पूर्ण झाकली जाईल इतकी भरा आणि हाताने सपाट करा. ढीग करू नका. गॅस नेहमी सर्वांत पातळ थरातून वाट काढतो, म्हणून एका टोकाला वाळू कमी पडली की तिथे एकच मोठा भडका आणि बाकी ठिकाणी शुकशुकाट. आधी ओंडके न ठेवता पेटवा, ज्वाळा सगळीकडे सारखी आली की विझवा, थंड होऊ द्या, मग पुढे.

निखारे म्हणजे रॉकवूल, दगड वितळवून काढलेले लोकरीसारखे तंतू. गोळा तसाच टाकू नका. नाण्याएवढे तुकडे तोडा, बोटांनी पिंजून हलके करा, पुढच्या भागात विरळ एक थर पसरा. मधून वाळू दिसली तर हरकत नाही. जाड थर घातला तर गॅस खाली साचतो, पेटताना 'भप्प' आवाज येतो, आणि निखारे लाल व्हायच्या ऐवजी काळे पडतात. पिशवीतला निम्मा माल उरला तर समजा बरोबर घातलात. उरलेला ठेवून द्या, वर्षा-दोन वर्षांत निखारे राखाडी पडतात तेव्हा बदलायला कामी येतो. पॅनच्या बाहेर, पुढच्या जमिनीवर लाव्हा खडकाचे बारीक तुकडे. ते पॅनमध्ये नाहीत!

पायलटच्या भोवती काहीही नको. ना वाळू, ना रॉकवूल.

मग ओंडके. आकृतीप्रमाणे मागचा आधी, पुढचा नंतर, वरचे फाटे शेवटी. व्हेंटेडमध्ये वरचे फाटे थोडे हलवायची मुभा असते. ज्वाळा ज्या फटीतून वर येते ती फाट्याने झाकू नका, फाटा तिच्या कडेला तिरका टेकवा. दहा मिनिटं जाळून विझवा आणि थंड झाल्यावर तळ बघा. तळहाताएवढा काळा डाग एका जागी असेल तर तो ओंडका बोटभर सरकवा. हलकी काजळी सगळ्या व्हेंटेड संचांना येते, तिने ओंडका खराही दिसतो. लोंबणारी, हाताला लागणारी काजळी म्हणजे चूक.

वाचनमात्र

आणि रिकाम्या जागी दोन जास्तीचे ओंडके ठेवले तर?

सालपापुद्रा

नको. पाइनची वाळलेली फळं, खऱ्या लाकडाची ढलपी, शोभेचे दगड, काहीच नको. खडे तापून फुटतात, बाकीचं जळून बर्नरमध्ये पडतं.

निळी_ज्योत

पहिल्यांदा पेटवताना: रंग आणि आतलं चिकट द्रव्य जळतं, त्याचा उग्र वास दोन ते चार तास येतो. खिडक्या उघडा, स्मोक अलार्म वाजू शकतो हे घरच्यांना सांगून ठेवा, आणि एकाच बैठकीत पूर्ण ज्वाळेवर जाळून टाका. रोज दहा-दहा मिनिटं करत बसलात तर आठवडाभर वास पुरेल. महिन्यानंतरही व्हेंट-फ्रीला वास येत असेल तर घरात काय आहे ते बघा: ताजा रंग, फवारा, सुगंधी मेणबत्त्या, पाळीव प्राण्यांचे केस. हवेतलं जे काही बर्नरमध्ये शिरतं ते जळून बाहेर येतं.

नेहमीच्या तक्रारी, पायलटपासून:

नॉब सोडला की पायलट विझतो. आधी ३० ते ६० सेकंद दाबून धरा, लोक दहाला सोडतात. तरी विझला तर ज्योत थर्मोकपलच्या टोकाला वेढते आहे का बघा. वेढत असेल तर थर्मोकपलचा नट सैल, नाहीतर थर्मोकपल गेला. चांगल्याचे २५ ते ३० मिलिव्होल्ट येतात.

पायलट आहे, बर्नर पेटत नाही. मिलिव्होल्ट संचात थर्मोपाइलवर (अनेक थर्मोकपल एकत्र जोडलेला, जास्त वीज देणारा दांडा) मीटर लावा. बर्नर बंद असताना ५०० ते ७५० मिलिव्होल्ट यायला हवेत. तीनशेच्या आसपास घुटमळत असेल तर टोक पुसा, नाही वाढला तर बदला. आकडा चांगला असेल तर दोष भिंतीवरच्या बटणात किंवा तारेत. व्हॉल्व्हपाशीच दोन टोकं क्षणभर जोडून बघा, बर्नर पेटला म्हणजे तार दोषी. बारीक आणि लांब तार एवढा कमी व्होल्टेज खाऊन टाकते. आणि या बटणाला घरातली वीज कधीही जोडू नका, व्हॉल्व्ह जळतो. भिंतीवर नेहमीसारखं बटण दिसतं म्हणून इलेक्ट्रिशियन हमखास हीच चूक करतो.

पायलट पिवळा, मरगळलेला. कोळ्याचं जाळं किंवा धूळ. हवेचं छिद्र दाबाच्या हवेने फुंका. सुई घालून छिद्र मोठं करू नका. ओडीएस पायलट घाणीने असाच उचलला जातो आणि संच तास-अर्ध्या तासाने विझतो. लोक ऑक्सिजन कमी झाला समजून घाबरतात. घाबरण्यात चूक नाही. आधी खिडकी उघडा, मग पायलट साफ करा, तरी विझला तर वापर बंद.

विझल्यावर पुन्हा पेटवण्याआधी पाच मिनिटं थांबा. घाई केली तर साचलेला गॅस एकदम पेटतो.

धुराडं

सफाईबद्दल एक महत्त्वाचं. ओंडके मऊ ब्रशने, पूर्ण थंड असताना. पाणी नको, साबण नको. सिमेंट पाणी शोषतं आणि पुढच्या पेटवणीला वाफ होऊन तडकतं. सिरॅमिक फायबरचा चुरा झाडू किंवा साध्या व्हॅक्यूमने उडवू नका. हे तंतू फुप्फुसाला वाईट, आणि बराच काळ तापलेल्या फायबरमध्ये स्फटिकी सिलिका तयार होऊ शकते. मास्क लावा, चुरा हलका ओला करून टिपून घ्या, किंवा हेपा फिल्टरचं व्हॅक्यूम वापरा. वर्षातून एकदा चिमणी, पायलट, दाब आणि अलार्म यांची तपासणी.

साशंक

बऱ्याच शंका फिटल्या. पण एक खटकतं. एवढं करून आवाज नाही, वास नाही, ज्वाळा पाच मिनिटांनी तीच ती वाटते. मग काचबंदच का घेऊ नये?

निळी_ज्योत

ऊब हवी असेल तर जरूर घ्या. डायरेक्ट व्हेंटमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास उष्णता खोलीत मिळते आणि खोलीतली हवा खर्च होत नाही. जुन्या चिमणीत घालायचा इन्सर्टही येतो, त्यात दोन लवचीक नळ्या चिमणीतून वर नेतात, एक हवेची, एक धुराची. त्या अदलाबदल झाल्या तर ज्वाळा पेटून लगेच गुदमरते, म्हणून जोडताना खूण करा. काच प्रचंड तापते आणि विझवल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. लहान मूल घरात असेल तर पुढची जाळी काढू नका. अमेरिकेत २०१५ पासून काच ७८ अंश सेल्सियसच्या वर तापत असेल तर अशी जाळी संचाबरोबर देणं सक्तीचं आहे.

ज्वाळेचा तोचतोचपणा खरा आहे. व्हेंटेडमध्ये तो कमी भासतो, कारण खोलीतली हवा ज्वाळेला हलवत असते. काचेआड ती हलत नाही. वासाला आणि तडतडीला उत्तर नाही. तडतडीचा आवाज काढणारी खोकी मिळतात, ती ऐकून एकदा ठरवा.

वाचनमात्र

शेवटचा प्रश्न. संच बसला, ज्वाळा सुंदर आहे, पण पूर्ण उघडला की शिट्टी वाजते.

अर्धा_इंच

वळ्यांच्या लवचीक नळीतून गॅस जोरात गेला की ती बासरीसारखी वाजते. आधी नळीला तीव्र वळण आहे का बघा, असेल तर सरळ करा. नाही थांबली तर शिट्टी न वाजणारी, आतून गुळगुळीत जोडनळी मिळते, ती घाला, लांबी गरजेपुरतीच. भिंतीतला किल्लीचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असला तरी असाच आवाज येतो, म्हणून तो पूर्ण उघडा ठेवून ज्वाळा संचाच्या नॉबने कमी-जास्त करा. नळी बदलली की साबणाचं पाणी पुन्हा एकदा, सगळ्या सांध्यांना.

वाचनमात्र

किल्ली अर्धीच फिरवलेली होती. पूर्ण उघडल्यावर शिट्टी गेली. साबणाचं पाणीही लावून पाहिलं, बुडबुडे नाहीत.